गेटबाहेरचा माठ

नोएडात राहायला आल्यापासून मी पाण्याविषयी जितकं बोलले असेन, तितकं नवऱ्याशी संसाराविषयीही बोलले नसेन. टँकर आला का, मोटर लागली का, आरओचा फिल्टर कधी बदलला, जारवाल्याला फोन केलास का. दिल्लीत नोकरीच्या निमित्ताने येऊन राहिलेली आमच्यासारखी मराठी घरं एकमेकांकडे गेली की पूर्वी 'तुम्ही मूळचे कुठले?' असं विचारायची. आता चपला काढता काढता 'तुमच्याकडे पाणी कसं आहे?' असं विचारतात.

आमच्याकडे पाणी वाईट आहे. सत्तरच्या घरातल्या एका सेक्टरात अकराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. घेताना हातात दिलेल्या गुळगुळीत पुस्तिकेत पोहण्याचा तलाव होता, कारंजं होतं, हिरवळीवर योगासनं करणारी बाई होती. नळाचं पाणी पिता येणार नाही, एवढं एक वाक्य तेवढं छापायचं राहिलं होतं. सरकारी पाणी आणि सोसायटीच्या बोरचं पाणी एकाच टाकीत मिसळून वर येतं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही. किटलीच्या तळाला खडूसारखा थर जमतो. प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आरओचं मशीन लावलं आहे. ते एक भांडं पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडून देतं. ते सोडलेलं पाणी मी बादलीत धरते, त्याने फरशी पुसते, आणि पुसताना रोज नव्याने चिडते. उन्हाळ्यात बोर खाली गेला की आरओही गुदमरतो. मग बाहेरून निळे जार मागवायचे. मोठा जार, वर टोपण, टोपणावर पातळ प्लास्टिकचं सील. ते सील नखाने सोलताना आपण काहीतरी शुद्ध उघडतो आहोत असं वाटतं खरं.

अशा एका उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून नागपुरात एकटे राहणारे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन करायचं, मग काही आठवडे थांबून दुसऱ्याचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणजे सबंध उन्हाळा मुक्काम. माझा नवरा मानेसरच्या कारखान्यात. त्याचा अर्धा दिवस रस्त्यातच जातो. मी दिल्लीत मंत्रालयात, मुलगी अकरावीत. दिवसभर घरी बाबा आणि त्यांचे काळे चष्मे.

पहिल्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या जारभोवती एक चक्कर मारली.

"हा विकत आणता?"

"हो बाबा."

"रोज?"

"रोज नाही. संपला की."

त्यांनी वाकून जारचं सील बोटाने चाचपलं. मला आठवलं, मी नोकरीवर रुजू व्हायला पहिल्यांदा दिल्लीला निघाले तेव्हा ते थेट तिथपर्यंत सोडायला आले होते. डब्यात समोरच्या माणसाकडे सीलबंद पाण्याची बाटली होती. मी अशी बाटली तोवर फक्त साहेब लोकांच्या टेबलावर पाहिली होती. बाबांनी ती त्याच्याकडून मागून घेतली, फिरवून फिरवून वाचली आणि परत दिली. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "पाण्यालाही पॅकिंग आलं." इटारसीला गाडी थांबली तशी आमची सुरई घेऊन ते नळाकडे धावले, आणि गाडी हलेपर्यंत परतले नाहीत म्हणून मी दारात रडकुंडीला आले. तेव्हापासूनच माझं आणि बाबांचं पाण्यावरून काहीतरी बिनसलेलं असावं.

ऑपरेशन नीट झालं. आठवडाभरात मी ऑफिसला जाऊ लागले. आणि मग जार संपू लागले. सकाळी उघडलेला जार मी संध्याकाळी यायच्या आत रिकामा.

"बाबा, एवढं पाणी कुठे गेलं?"

"प्यायले लोक."

"कोण लोक?"

"सामान घेऊन येतात ते. एवढ्या उन्हाचे येतात बिचारे, घामाने निथळत. पाणी विचारलं. सहा-सात जण असतील."

"आपल्याकडे सहा-सात जण आले?"

"आपल्याकडे एकच आला. बाकीचे शेजाऱ्यांकडे."

म्हणजे बाबा दार उघडं ठेवून, तांब्या-पेला घेऊन बसत होते, आणि लिफ्टमधून जो बाहेर येईल त्याला पाणी देत होते. मी त्यांना समजावलं की इथे असं कुणी करत नाही.

"काहून?"

 "पद्धत नाही," एवढंच मी म्हणाले. ते ऐकून बाबांनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. डोळे दिसत नव्हते तरी मला कळलं की मी चुकीचा शब्द वापरला आहे.

बाबांच्या लहानपणी त्यांच्या गावात आमच्या लोकांना विहिरीवर चढता येत नसे. माझी आजी घागर घेऊन खाली उभी राहायची, आणि वरून कुणाला दया आली की ते ओतायचे. हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही, आत्याने सांगितलं. बाबांनी फक्त एवढं केलं, की आमच्या नागपूरच्या घरी दारात आलेल्या कुठल्याही माणसाला, तो कोण, कशाला आला हे विचारायच्या आधी पाणी दिलं. मीटर वाचणाऱ्याला दिलं, वर्गणी मागणाऱ्याला दिलं, आणि एकदा आमची सायकल चोरताना पकडलेल्या माणसालाही दिलं. अशा माणसाला 'पद्धत नाही' असं सांगून मी ऑफिसला जात होते. पण जारही मलाच मागवायचे होते, हेही खरंच होतं.

मग बाबा संध्याकाळी खाली फिरायला जाऊ लागले. मला वाटलं, बरं झालं, जीव रमेल. दोनच दिवसांत वर आले ते ताडताड बोलतच.

"तुमचे गार्ड कुठलं पाणी पितात माहीत आहे तुला?"

"कुठलं?"

"बागेच्या पाइपचं. त्या पाइपवर इंग्रजीत लिहिलंय, पिऊ नका म्हणून. संडासाचं पाणी साफ करून झाडांना सोडतात ते. त्या पोरांना इंग्रजी येत नाही."

मी खाली गेले. खरंच होतं. गेटजवळच्या केबिनमध्ये एक निळा जार होता, पण कोरडा, आणि त्यात कुणीतरी छत्री उभी करून ठेवली होती. मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. तीन अंगठे आले. एकाने हात जोडलेलं चित्र टाकलं. सेक्रेटरींनी लिहिलं की गार्डच्या पाण्याची जबाबदारी एजन्सीची आहे. मी एजन्सीच्या सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, "मैडम, पानी तो सोसायटी देती है ना." मी पुन्हा सेक्रेटरींना लिहिलं. त्यांनी निळी खूण होऊ दिली आणि पुढे काहीच लिहिलं नाही. गार्डला मात्र मी तो पाइप दाखवून हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "पता है मैडम, थोड़ी बदबू आती है." असल्या उत्तरावर माणसाने करायचं काय?

बाबांनी मला विचारलं नाही. एका सकाळी मुलीला घेऊन ते रिक्षाने गेले आणि रस्त्याकडेच्या कुंभाराकडून मोठा माठ घेऊन आले. दोन गुडघ्यांत धरून, बाळंतिणीचं मूल आणावं तसा.

"आजोबा, मटका!" मुलगी म्हणाली.

"माठ म्हण."

"माठ. आणि हे काय करणार आपण?"

"पाणपोई घालणार."

"पोह्यांचा प्रकार आहे का?"

दिल्लीत वाढलेल्या मुलीला मराठी शब्द असे मधूनच निसटलेले असतात. मी आता दुःख करणं सोडलं आहे. बाबांनी मात्र तिला बसवून सगळं सांगितलं: पाणपोई म्हणजे काय, माठ आधी दिवसभर भिजवायचा कसा, लांब दांड्याचं ओगराळं कशाला, म्हणजे हात पाण्याला लागत नाही. गेटच्या आत, केबिनच्या सावलीत माठ बसला. त्यावर ताटली, ताटलीवर ओगराळं. शेजारी स्टीलचे दोन पेले, साखळीने बांधलेले. पाणी आमच्या आरओचं. बाबा सकाळी हळूहळू नेऊन भरत. एक डोळा अजून अर्धा आंधळा, तरी.

चार दिवस छान गेले. गार्ड प्यायले, कामाच्या बायका प्यायल्या, सामान आणणारी पोरं मोटारसायकल थांबवून प्यायली. मग सेक्रेटरी आमच्याकडे आले. मऊ बोलणारे, कपाळावर कायम थोडी काळजी असलेले गृहस्थ. कुठल्याशा कंपनीत माणसं नेमायचं आणि काढायचं काम करतात.

"अंकल जी, जज़्बा बहुत अच्छा है. लेकिन कल को कोई बीमार पड़ गया तो लायबिलिटी किसकी?"

"और अभी जो पाइप से पी रहे हैं, उनकी किसकी है?" बाबांनी विचारलं.

"वो अलग मैटर है."

"कैसे अलग?"

सेक्रेटरी माझ्याकडे बघून हसले, जणू काही आम्ही दोघं सुशिक्षित माणसं एकीकडे आणि हे म्हातारे एकीकडे. मला राग आला, तो दोघांचाही आला. ते उठता उठता म्हणाले की ठेवायचंच असेल तर सर्टिफाइड पाणी ठेवा, म्हणजे जारचं. आणि विषय मीटिंगमध्ये घेऊ.

त्याच आठवड्यात आमच्याकडे आलेल्या जारला बुरशीचा वास आला. सील अगदी घट्ट, टोपण नवं, आणि आत कुबट वास. मी जारवाल्याला बदलून दे म्हटलं असतं आणि विसरले असते. पण बाबा म्हणाले, "हे सर्टिफाइड ना? मग ते कुठे भरतात ते पाहू." मी नाही म्हटलं. रविवार होता, बाहेर भाजून काढणारी लू सुटलेली, मला एकच दिवस केस धुवायला मिळतो, तेही त्या पाण्याने. बाबा काही न बोलता चपला घालून दारात उभे राहिले. मी गाडीची किल्ली घेतली.

जारवाल्याने दिलेला पत्ता फार लांबचा नव्हता. आमच्या सेक्टरच्या मागच्या भिंतीपलीकडेच जुनं गाव आहे, टॉवर येण्याआधीपासूनचं. त्या गावात एका पत्र्याच्या शेडमध्ये सगळा कारभार. एका बाजूला रिकाम्या जारांचा डोंगर, मध्ये आरओच्या नळकांड्या, एक बाई बसून जार धुते आहे, दुसरी गरम हवेच्या यंत्राने टोपणांवर सील चिकटवते आहे. आणि शेडच्या मागून बोटभर जाडीची धार सतत नालीत वाहते आहे. आमच्या मोरीतली धार मोठी करून दाखवावी तशी.

मालक खुर्ची टाकून बाहेरच बसले होते. पन्नाशीचे, पांढरे कपडे, दारात पांढरी जीप. बुरशीच्या जारबद्दल त्यांनी लगेच माफी मागितली, बदलून दिला, आणि आम्हाला चहा सांगितला. बाबांनी विचारलं, हा धंदा कसा सुरू केला. त्या माणसाला हे बहुधा कुणी कधी विचारलं नव्हतं. तो मनापासून सांगत बसला.

त्यांची इथे शेती होती. गहू, ज्वारी. जमीन गेली, टॉवर आले. घरामागचा एक तुकडा आणि त्यातला ट्यूबवेल तेवढा उरला. टॉवर बांधणारे मजूर पाणी प्यायला यायचे, तेव्हा हे फुकट द्यायचे. मग ठेकेदार म्हणाला, माणसं इकडे येण्यात वेळ घालवतात, तुम्हीच ड्रम भरून पाठवा. ड्रम पाठवले, त्याचे पैसे मिळाले. मग टॉवरमध्ये माणसं राहायला आली आणि ड्रमचं पाणी नको म्हणाली. मग आरओ बसवला. लोक म्हणाले, गार पाहिजे. मग गार करायचं मशीन आणलं.

"फिर भी लोग पूछते थे, शुद्ध है ना? मैंने कहा है. मानते नहीं थे. जिस दिन से ये सील लगाई, किसी ने नहीं पूछा," असं म्हणून ते मोकळेपणी हसले.

"बोर वही है?" बाबांनी विचारलं.

"जगह वही है. गहरा करवाया है, दो बार. आपकी सोसायटी वाला ऊपर रह गया, इसलिए आपके यहाँ गर्मी में दिक्कत आती है."

हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितलं की मला आधी कळलंच नाही. भिंतीच्या अलीकडे आमचा बोर आणि पलीकडे यांचा. त्यांचा खोल गेला म्हणून आमचा कोरडा पडला, आणि आमचा कोरडा पडला म्हणून आम्ही त्यांचे जार घेतो. मी चहाचा कप खाली ठेवला. कुणावर ओरडायचं तेच समजेना. त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांची जमीन गेली होती आणि त्या जमिनीवर माझा फ्लॅट होता. आणि ते एकटेच नव्हते. गावात अशा आणखी किती शेड आहेत तेही त्यांनीच हाताने दाखवलं.

"पहले का ज़माना अच्छा था बाबूजी," ते म्हणाले. "पानी बेचना पाप समझते थे. कुआँ सबका होता था."

"सबका कहाँ था, भाई साहब," बाबा म्हणाले.

आवाज चढला नव्हता. मालकांनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग मान खाली घालून म्हणाले, "हाँ. वो तो है." 

निघताना बाबांच्या बोलण्यातून त्यांना गेटवरच्या माठाचं कळलं. ते लगेच म्हणाले, रोज एक जार माझ्याकडून फुकट. फक्त माठाशेजारी माझ्या प्लांटचा एक छोटा बोर्ड लावू द्या. मी मनात म्हटलं, सुटले. आमचं आरओचं पाणी वाचेल, सेक्रेटरींचं सर्टिफिकेट होईल, बाबांचं पुण्य होईल.

"नको," बाबा म्हणाले.

गाडीत बसल्यावर मी फुटलेच. "बाबा, प्रत्येक गोष्टीला तत्त्व लावायची गरज आहे का? बोर्ड तर बोर्ड. तहानलेल्या माणसाला बोर्डाशी काय करायचंय?"

"बोर्ड लागला की ते पाणी बोर्डवाल्याचं होतं."

"मग आत्ता कुणाचं आहे? माझं आहे! मी ऑफिसातून येऊन दोन-दोन तास आरओसमोर बाटल्या भरते, त्याचं काय?"

 बाबा म्हणाले, "उद्यापासून बाटल्या मी भरीन." मला ते नको होतं. मला भांडायचं होतं. अकरा मजले लिफ्टमध्ये आम्ही दोघं आकडे बदलताना बघत उभे राहिलो.

मीटिंग क्लब हाउसमध्ये झाली. एसी लावलेला, पांढरे टेबलक्लॉथ, आणि प्रत्येक खुर्चीसमोर एक छोटी सीलबंद बाटली. पाण्याच्या टंचाईवरची मीटिंग! मी बाबांच्या शेजारी बसले होते. टँकरवर चर्चा झाली, पोहण्याचा तलाव उन्हाळ्यात बंद ठेवावा की नको यावर जास्त झाली, आणि अगदी शेवटी माठ आला. कुणी म्हणालं डास होतील. कुणी म्हणालं, बाहेरची पोरं गेटवर घोळका करतात. मग आमच्याच टॉवरमधल्या एक बाई, ज्यांनी दिवाळीत आमच्याकडचा फराळ घेतला होता आणि आमच्या दिवाणखान्यातली बुद्धमूर्ती, तिच्या वरची निळ्या कोटातली तसबीर नीट निरखून पाहिली होती, त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "नहीं, बस हाइजीन के लिए पूछ रही हूँ, अंकल जी. वो मटका भरता कौन है?"

हा प्रश्न मी ओळखते. दिल्लीत तो कधीच सरळ येत नाही. तो आडनावाच्या, गावाच्या, जेवणाच्या चौकशीतून येतो. आज हाइजीनमधून आला. माझे कान तापले. मी उठणार होते, पण बाबा आधीच उभे राहिले होते.

"भरता मैं हूँ," ते म्हणाले. "अपने हाथ से. जिसको नहीं पीना, वो न पिए. बाकी पीता कौन है, मैं किसी से नहीं पूछता."

टपाल खात्यातली हिंदी, थोडी अडखळती, पण सगळ्यांना ऐकू गेली. बाईंनी फोन काढून त्यात बघायला सुरुवात केली. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या, अंकल जींच्या भावनेबद्दल, आणि मग जाहीर केलं की समितीने यावर तोडगा काढलेलाच आहे: गेटवर थंड पाण्याचं मशीन बसेल. एका स्थानिक व्यावसायिकाने ते भेट दिलं आहे. नोंदणी झालेल्या कर्मचाऱ्यांना कार्ड मिळेल, कार्ड लावलं की पाणी येईल. सामान आणणाऱ्यांचं काय, असं कुणीतरी विचारल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "सर, वो तो आउटसाइडर हैं."

स्थानिक व्यावसायिक कोण, हे आम्हाला विचारावं लागलं नाही.

मीटिंग संपली. माणसं उठली. टेबलांवर एकेक घोट प्यायलेल्या बाटल्या तशाच. बाबांनी कुणाकडे न बघता त्या एकेक उचलल्या आणि दारातल्या कुंडीत ओतायला सुरुवात केली. लोक वळून बघू लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "बाबा, चला ना," मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी मीही उरलेल्या बाटल्या गोळा करू लागले, कारण त्याशिवाय ते हलणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी माठ गेटच्या आतून हलवलेला होता. गार्ड म्हणाला, पेस्ट कंट्रोलवाल्यांनी सांगितलं. माठ भिंतीबाहेर फुटपाथवर ठेवला होता, ताटली गायब, एक पेला साखळीसकट गायब. बाबा त्याच्याशेजारी उभे. मी ऑफिसच्या कपड्यांत, कॅब समोर वाट बघते आहे.

भिंतीबाहेर कडुलिंबाखाली एक इस्त्रीवाली बसते. आमच्या टॉवरचे बहुतेक कपडे तीच करते. ती टेबलामागून आली, माठाला एक टिचकी मारून बघितली आणि म्हणाली, "बाबूजी, इधर मेरे टेबल के नीचे रख दो. छाँव है. पर भरना रोज़ पड़ेगा, मैं नहीं भरूँगी." तिला पाण्यासाठी रोज सकाळी गावातून कॅन आणावा लागत होता, तो आता वाचणार होता. व्यवहार सरळ होता. बाबांना तो फार आवडला. त्यांनी आणि तिने मिळून वाळूचा ओटा केला, माठ त्यात बसवला. पाटी नाही, कार्ड नाही, आणि सोसायटीची हद्द नाही.

गेटवरचं मशीनही आलं. फीत कापली, फोटो ग्रुपवर आले. त्यावर प्लांटचा बोर्ड होता, चांगला मोठा. महिना उलटायच्या आत फिल्टर अडकला. एजन्सी म्हणते सोसायटीने बदलायचा, सोसायटी म्हणते भेट देणाऱ्याने. मशीनवर कुणीतरी 'आउट ऑफ ऑर्डर' लिहिलं, अर्थातच इंग्रजीत. गार्ड आपली कार्डं गळ्यात घालून भिंतीबाहेर इस्त्रीवालीकडे पाणी प्यायला जातात.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि बाबा नागपूरला परत गेले. स्टेशनवर मी त्यांना म्हटलं, "आता माठाचं काय?" ते म्हणाले, "तुला जमलं तर भर." जमलं तर! म्हणजे न भरण्याची सोय नाही. नवरा भरू म्हणाला, पण त्याची बस पहाटेच निघते. मुलगी भरते, रविवारी, फोटो काढून. बाकीचे दिवस मीच. सकाळी साडी सावरत, दोन कॅन घेऊन, सर्व्हिस लिफ्टने, कारण मुख्य लिफ्टमध्ये पाणी सांडतं अशी माझ्याविरुद्ध ग्रुपवर तक्रार झाली आहे. तक्रार कुणी केली ते मला माहीत आहे. त्या हाइजीनवाल्या बाईंच्याही घरचं सामान आणणारा मुलगा आमच्याच माठावर पाणी पिऊन वर जातो.

आणि उपकार मानणारं कुणी नाही. इस्त्रीवाली म्हणते, कल थोड़ा लेट हो गया आपको. मोटारसायकलवाला एक जण हेल्मेट न काढताच सांगतो, "मैडम, ऊपर तक भरा करो, दोपहर में ख़त्म हो जाता है." मी त्याच्यावर खेकसले, "ये मेरी नौकरी नहीं है!" तो बिचारा गोंधळला. त्याला खरंच वाटत होतं की मी त्याच कामाला ठेवलेली बाई आहे. सॉरी म्हणाला, पाणी प्यायला आणि पेला विसळून उपडा ठेवून गेला.

परवा मी वैतागून बाबांना फोन लावला. माठ आता पाझरत नाही, पाणी गार होत नाही, बोर पुन्हा खाली गेला आहे, आरओ कुंथतो आहे, ऑफिसात बायोमेट्रिक उशिराचं दाखवतं, आणि मी काय काय करायचं, असं सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माठ जुना झाला की छिद्रं बुजतात. नवा घे," ते म्हणाले. "बाळ, मी ठेवतो. विहाराच्या पोरांनी कार्यक्रमाला प्लास्टिकच्या बाटल्या सांगितल्यात. त्यांच्याशी भांडायला चाललोय."

आणि फोन ठेवला. मी दोन्ही कॅन उचलले, लॅचचं दार पायाने ओढून घेतलं आणि सर्व्हिस लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट बंद होती.